सुट्या वचनांचा सोस

ख्रिस्ती घरांतल्या भिंतींवर, वाढदिवसाच्या कार्डांवर आणि हल्ली रोज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या संदेशांत यिर्मयाच्या पुस्तकातले एक वचन हमखास भेटते: अध्याय २९, वचन ११. देवाने तुमच्यासाठी योजले आहे ते भल्याचेच आहे, पुढे चांगले दिवस आहेत, असा त्याचा आशय. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला, मुलाखतीला निघालेल्या मुलीला ते आवर्जून पाठवले जाते. पाठवणाऱ्याच्या मनात माया असते, त्यामुळे खोलात कोणी शिरत नाही. तशी फार खोलात शिरायची गरजही नाही. एकच वचन मागे सरकले तरी पुरते. दहाव्या वचनात मुदत दिली आहे: सत्तर वर्षे.

हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमचा राजा, दरबारी, कारागीर अशा सगळ्यांना उचलून बाबेलला नेले. तिकडे गेलेल्यांना यिर्मयाने हे पत्र धाडले. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगून गेला होता की दोन वर्षांत सगळे परत येतील, लुटून नेलेली मंदिराची भांडीसुद्धा परत येतील. त्याने यिर्मयाच्या मानेवरचे जू काढून सर्वांदेखत मोडले. लोकांना हनन्या आवडला असणार, यात नवल नाही. यिर्मयाचे पत्र त्या उत्साहावर पाणी ओतते. घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या शहरात तुम्हाला धरून नेले त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे ते सांगते. कारण सुटका लवकर नाही. हे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांच्या वाट्याला ते चांगले दिवस आलेच नसणार. आले असतील तर नातवंडांच्या. आज मात्र ते वचन नेमके हनन्याच्या सुरात वाचले जाते.

बायबल चुकीचे वाचले जाते ते वाचकाची माहिती तोकडी पडते म्हणून, असे सरसकट मानतात. माहिती तोकडी असते हे खरेच. पण गाजलेल्या चुका करणाऱ्यांची नावे पाहिली तर त्यांत ऑगस्टिन, जेरोम असे प्राचीन चर्चचे धर्मपंडित आहेत, एक पोप आहेत, उभे आयुष्य बायबलवर घालवलेली माणसे आहेत. त्यांची अडचण बहुतेक वेळा अज्ञानाची नव्हती. त्यांना काहीतरी आधीच हवे होते आणि शोधल्यावर ते सापडले. ही खोड खुद्द बायबलला ठाऊक आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या उंच टोकावर नेतो, खाली उडी टाक म्हणतो आणि वर ९१व्या स्तोत्राचा दाखला देतो. सैतानाचे पाठांतर पक्के आहे. येशूचे उत्तरही शास्त्रातलेच आहे, 'अनुवाद' या पुस्तकातले. देवाची परीक्षा पाहू नये, असे ते सांगते. एका वचनाला दुसऱ्या वचनाच्या शेजारी ठेवून तपासायचे, हा धडा त्या छोट्या प्रसंगात आहे.

सुट्या वचनांची सवय लागायला छापखान्याचाही हातभार लागला. मूळ पुस्तकांत अध्यायांचे आणि वचनांचे आकडे नव्हते. आज वापरात असलेले अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे असून त्यांचे श्रेय सामान्यतः स्टीफन लँग्टन यांना दिले जाते. ते पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. नव्या कराराला वचनांचे क्रमांक दिले पॅरिसचे मुद्रक रॉबर्ट एस्तिएन यांनी, १५५१च्या ग्रीक आवृत्तीत. पॅरिसहून लिऑनच्या प्रवासात त्यांनी हे काम केले, असे त्यांच्या मुलाने लिहून ठेवले आहे. त्यावरून घोड्याने ठेच खाल्ली तिथे वचन तुटले, असा विनोद अभ्यासकांत रुळला. सोय मोठी झाली, हे नाकारता येत नाही. आकडे नसते तर बायबल अभ्यासाच्या बैठकीत निम्मा वेळ पाने चाळण्यातच गेला असता. पण प्रत्येक वचन वेगळ्या ओळीवर, वेगळ्या आकड्यासह छापले गेले की ते स्वतंत्र सुभाषित वाटू लागते. यशयाच्या पुस्तकातले दुःख सोसणाऱ्या सेवकाचे काव्य ५३व्या अध्यायात आहे असे सगळे म्हणतात; ते खरे तर ५२व्याच्या तेराव्या वचनापासून सुरू होते. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय लग्नात वाचतात, तो प्रेमावर आहे म्हणून. त्याच्या मागच्या आणि पुढच्या दोन्ही अध्यायांत मात्र मंडळीतली चुरस आहे: कोणाचे आत्मिक दान थोर, उपासनेत कोणी किती वेळ बोलायचे. तेरावा अध्याय वधूवरांसाठी नव्हताच. एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या भाविकांना दिलेली ती कानउघाडणी होती.

बास्केटबॉलपटू स्टीफन करी याच्या बुटांवर ४:१३ हे आकडे झळकले आहेत. फिलिप्पैकरांस पत्रातले ते वचन खेळाडूंचे लाडके आहे, कारण ख्रिस्ताच्या बळावर सारे काही साधता येते, असा त्याचा अर्थ लावला जातो. पौल हे तुरुंगातून लिहितो आहे आणि आधीची दोन वचने पोटभर मिळाले तरी आणि उपाशी राहावे लागले तरी समाधानी कसे राहायचे ते शिकलो, असे सांगतात. हरलेल्या संघाच्या बुटांवर ते जास्त शोभले असते.

मागचे-पुढचे वाचले तरी एक प्रश्न उरतो: हे लेखन कोणत्या जातीचे आहे? प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३. त्यांत वंशावळी आहेत, कायदे आहेत, प्रेमगीते, विलाप, दरबारी बखरी, म्हणी, पत्रे आणि स्वप्नदर्शनेही आहेत. कायदा वाचायची नजर म्हणीला लावली की घोटाळा ठरलेला. नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायात चौथे वचन मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखे उत्तर देऊ नको म्हणते आणि पाचवे वचन दे म्हणते. संकलकाने ती दोन्ही शेजारी शेजारी मुद्दाम ठेवली आहेत; कुठली कधी वापरायची ते ऐकणाऱ्याने प्रसंग पाहून ठरवायचे. 'अति तेथे माती' म्हणणारा माणूस 'थेंबे थेंबे तळे साचे'ही म्हणतो आणि कोणी त्याला खोटारडा ठरवत नाही. तरीही त्याच पुस्तकातल्या २२व्या अध्यायातले, मुलाला लहानपणी वळण लावले तर ते म्हातारपणीही सुटत नाही, हे निरीक्षण हमीपत्रासारखे वाचले जाते. मग ज्यांचा मुलगा व्यसनात गेला ते आईबाप उरलेले आयुष्य स्वतःला दोष देत बसतात.

ईयोबाच्या पुस्तकात हा घोटाळा सर्वांत मजेशीर होतो, आणि सर्वांत क्रूरही. संपत्ती गेलेल्या, दहाही मुले गमावलेल्या, अंगभर गळवे आलेल्या ईयोबाजवळ तीन मित्र येतात आणि पानेच्या पाने बोलतात. त्यांची भाषा देखणी आहे, धर्मज्ञान पक्के आहे. शेवटच्या अध्यायात देव अलीफजाला स्पष्ट सांगतो की तुमच्यावर माझा राग भडकला आहे, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. म्हणजे या पुस्तकाचा मोठा भाग पुस्तकालाच मान्य नसलेल्या मतांचा आहे. दक्षिण कोरियात नवे दुकान उघडले की भिंतीवर ईयोबाच्या आठव्या अध्यायातले सातवे वचन टांगायची पद्धत आहे: आरंभ लहान असला तरी पुढे भरभराट होईल, अशा अर्थाचे. हे वाक्य बिल्ददाचे आहे. त्याच दमात, तीन वचने आधी, त्याने मुले गमावलेल्या बापाला सुनावले आहे की तुझ्या मुलांनी पाप केले असेल, त्याचे फळ त्यांना मिळाले. गंमत अशी की ईयोबाची पुढे खरोखरच भरभराट होते, पण बिल्ददाने सांगितलेल्या कारणाने नाही. उलट, पौलाने करिंथकरांना लिहिताना अलीफजाचे एक वाक्य मान्यतेने घेतले आहे. तेव्हा मित्रांचे सगळेच टाकाऊ, असेही म्हणून चालत नाही. प्रत्येक वाक्य कोणाच्या तोंडी आहे आणि पुस्तक शेवटी त्याचे काय करते, हे पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

हा विचार मराठी वाचकाला परका नाही. मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवायला सहा कसोट्या दिल्या: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'च्या पहिल्याच प्रकरणात त्या मांडून गीतेचे तात्पर्य काढायला घेतले. आरंभ काय, शेवट काय, काय पुन्हा पुन्हा येते, नवे काय सांगितले, त्याचा परिणाम काय आणि कुठला भाग केवळ स्तुती-निंदेचा आहे, हे पाहायचे. ईयोब या कसोट्यांवर घासला तर दोन मिनिटांत उलगडतो, कारण त्याची चावी उपक्रमात आणि उपसंहारात आहे. या कसोट्या काढल्या आहेत वेदवाक्यांसाठी; पण ज्यांच्या घरात 'गीतारहस्य' आहे त्यांना बायबल वाचायला वेगळे हत्यार शोधत फिरायची गरज नाही.

त्यातली अर्थवादाची कसोटी तर फारच कामाची. येशूची बोलायची तऱ्हा अतिशयोक्तीची होती, त्या काळच्या यहुदी गुरूंची असायची तशी. उजवा डोळा पापाला कारण होत असेल तर उपटून टाक, डोळ्यात मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ शोधू नको, असले बोलणे. हे शब्दशः घ्यायचे नाही, हे ऐकणाऱ्यांना कळत होते. तिसऱ्या शतकातले अलेक्झांड्रियाचे थोर विद्वान ओरिजेन यांनी तरुणपणी मत्तयाच्या १९व्या अध्यायातले षंढांविषयीचे वचन शब्दशः घेऊन स्वतःचे अंगच्छेदन केले, असे चर्चचा इतिहासकार युसेबियस सांगतो. काही अभ्यासकांना ही गोष्ट शंकास्पद वाटते. खरी असेल तर विलक्षण आहे, कारण वचनांचे रूपकात्मक अर्थ काढण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. शब्दशः वाचण्याचा हट्ट भाविकांपुरता नाही, टिंगल करणारेही तेच करतात. राजे या पुस्तकात शलमोनाच्या मंदिरातल्या गोल हौदाचा व्यास दहा हात आणि परीघ तीस हात सांगितला आहे, म्हणून बायबलला 'पाय' म्हणजे तीनच वाटतो, असा विनोद होतो. कासाराने सांगितलेल्या ठोकळ मापाकडून दशांशाची अपेक्षा करणारा नास्तिक आणि विश्वाच्या वयाचा हिशोब उत्पत्तीतल्या वंशावळींतून काढणारा आस्तिक हे दोघे एकाच शाळेत शिकलेले असतात.

दाखल्यांचे नशीब याच्या उलट. तिथे साधे बोलणे कोणाला साधे वाटत नाही. जखमी वाटसरूला याजक आणि लेवी टाळून जातात आणि शोमरोनी मदत करतो, त्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याला ऑगस्टिन यांनी जो अर्थ लावला तो पिढ्यान्‌पिढ्या आदराने वाचला गेला. यरुशलेमहून यरीहोला जाताना लुटला गेलेला वाटसरू म्हणजे आदाम. यरुशलेम स्वर्गीय नगर. यरीहो म्हणजे चंद्र, पर्यायाने मर्त्यपणा. लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत. याजक आणि लेवी म्हणजे जुना करार. शोमरोनी खुद्द ख्रिस्त. सराय म्हणजे चर्च आणि सराईचा मालक प्रेषित पौल. पौल त्या वेळी येशूचा शिष्यही झाला नव्हता, पण त्याने काही अडले नाही. लूकाने हा दाखला कुठे ठेवला आहे ते पाहिले तर चंद्रापर्यंत जायची गरज पडत नाही. नियमशास्त्राचा एक जाणकार विचारतो, माझा शेजारी कोण? येशू गोष्ट सांगून प्रश्नच फिरवतो: या तिघांपैकी शेजाऱ्यासारखा वागला कोण?

आजच्या प्रवचनांतही या दाखल्याची एक चूक सर्रास होते, आणि ती अभ्यासू पाळकांकडून जास्त होते. याजकाने जखमीला हात लावला नाही, कारण प्रेताचा विटाळ झाला असता तर त्याला मंदिरात सेवा करता आली नसती, असे ते समजावतात. ऐकायला हे पार्श्वभूमीच्या ज्ञानासारखे वाटते. एमी-जिल लेव्हाइन या नव्या कराराच्या यहुदी अभ्यासक. दाखल्यात विटाळाचा शब्दही नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले आहे. याजक रस्त्याने खाली उतरत होता, म्हणजे यरुशलेमकडून परतत होता. सेवेला जात नव्हता. शिवाय यहुदी धर्मशास्त्रात जीव वाचवणे हे विधिनियमांच्या वर आहे. विटाळाची सबब त्याच्या तोंडी घातली की निष्ठुर माणसाचा दोष त्याच्या धर्मावर जातो. अशा वाचनांनी ज्यूद्वेषाला किती खतपाणी घातले, त्याचा इतिहास युरोपात पसरलेला आहे.

खोटी पार्श्वभूमी ही माहितीच्या अभावापेक्षा चिवट असते. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, हे येशूचे बोलणे घ्या. यरुशलेमच्या तटाला 'सुईचे नाक' नावाचा बुटका दरवाजा होता, उंटाला पाठीवरचे ओझे उतरवून गुडघे टेकून त्यातून जावे लागे, असे कित्येक प्रवचनांत ऐकू येते. अशा दरवाजाचा पुरावा ना उत्खननात आहे, ना प्राचीन लेखनात. ही कथा मध्ययुगीन टीकांमधून पसरली. तालमूद या यहुदी ग्रंथात अशक्य गोष्टीसाठी हत्ती सुईच्या नाकातून जातो. म्हणजे हा बोलण्याचा प्रकार त्या भागात चालणाराच होता. दरवाजा मान्य केला तर पुढचे संभाषण निरर्थक होते. शिष्य चकित होऊन विचारतात, मग तारण होणार कोणाचे? आणि येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे. ओझे उतरवून वाकून जाता येत असते तर अशक्य कशाला म्हणाला असता? दरवाजाची कथा इतकी का आवडली, हे कळायला फार विद्वत्ता लागत नाही. चर्चची बांधकामे श्रीमंतांच्या देणग्यांवर होतात.

पत्रांचा विभाग आणखी निसरडा. चाळीत भिंतीपलीकडे भांडण चालू असावे आणि एकाच माणसाचा आवाज ऐकू यावा, तशी पौलाची पत्रे आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. करिंथकरांनी त्याला आधी पत्र लिहिले होते. त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायाच्या सुरुवातीला तो त्याचा उल्लेख करतो. करिंथकरांचे ते पत्र हरवले. प्राचीन ग्रीक हस्तप्रतींत अवतरणचिन्हे नव्हती, शब्दांमध्ये मोकळी जागाही बहुधा नसे. त्यामुळे पौल त्यांची वाक्ये उद्धृत करतो आहे की स्वतःचे मत सांगतो आहे, हे अर्थावरून ठरवावे लागते. पुरुषाने स्त्रीला स्पर्श न करणे बरे, हे त्या अध्यायातले वाक्य आज कित्येक भाषांतरे अवतरणचिन्हांत घालतात, करिंथकरांचे म्हणून. जेरोम यांनी ते पौलाचे समजून चौथ्या शतकाच्या अखेरीस 'जोव्हिनियनविरुद्ध' या ग्रंथात तर्क लढवला: स्पर्श न करणे बरे, तर करणे वाईटच. विवाहित जीवनाला दुय्यम ठरवणाऱ्या पुढच्या विचारात हा तर्क मुरला. पौल मात्र लगेच पुढच्या वचनांत सांगतो की नवरा-बायकोने एकमेकांना नाकारू नये, नवऱ्याच्या शरीरावर बायकोचाही अधिकार आहे. पहिल्या शतकातल्या रोमन शहरात असे लिहिणे धाडसाचे होते. जेरोम यांना ती वचने दिसली नसतील असे नाही.

काही चुका वाचनातल्या नसतात, आठवणीतल्या असतात. एदेनमधले फळ सफरचंद होते असे उत्पत्ती सांगत नाही. योनाला गिळणारा मोठा मासा होता, देवमासा नव्हे. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक किती होते ते मत्तय सांगत नाही. भेटी तीन म्हणून माणसे तीन झाली, पुढे त्यांचे राजे झाले, त्यांना नावे मिळाली. गोव्यात रेइश मागूश, कासावली आणि चांदर इथे सहा जानेवारीला तीन राजांचे फेस्त होते, मुकुट घातलेले मुलगे मिरवणुकीने चर्चला येतात. त्यात वावगे काही नाही. लोकपरंपरा ग्रंथातल्या रिकाम्या जागा भरत असतात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराणा'त ओवीबद्ध मराठीत सगळी बायबलकथा सांगितली, तीही भरल्या हाताने. अडचण होते ती भरलेल्या भागाला ग्रंथ समजल्याने. मग्दालीया मरीयेच्या बाबतीत ती फार महागात पडली. पोप ग्रेगरी पहिले यांनी ५९१च्या एका प्रवचनात लूकाच्या सातव्या अध्यायातली अनाम पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया मरीया या तिघींना एकच केले. पुनरुत्थित ख्रिस्ताची पहिली साक्षीदार त्यामुळे शतकानुशतके चित्रांत आणि नाटकांत पश्चात्तापी वेश्या म्हणून वावरली. कॅथलिक चर्चने १९६९च्या दिनदर्शिकेत ही सरमिसळ दूर केली आणि २०१६ मध्ये तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. लोकांच्या मनातली प्रतिमा मात्र अजून तशीच आहे.

भविष्यवाण्यांच्या पुस्तकांत जगाच्या अंताचा नेमका दिवस शोधण्याचा छंद मात्र निरुपद्रवी नाही. न्यूयॉर्क राज्यातले शेतकरी विल्यम मिलर यांनी वर्षानुवर्षे शब्दसूची हाताशी घेऊन बायबलचा काटेकोर अभ्यास केला. आळस किंवा लबाडीचा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकणार नाही. दानीएलाच्या आठव्या अध्यायात २,३०० सांजसकाळींचा उल्लेख आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष हे सूत्र लावून आणि इ.स.पू. ४५७ पासून मोजून त्यांनी ख्रिस्ताचे पुनरागमन १८४३च्या सुमारास होईल असे काढले. ते वर्ष सरले, हिशोब दुरुस्त झाला, अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. कित्येकांनी पिके शेतात उभी सोडली. तेवीस तारीख उजाडली आणि या घटनेला 'महानिराशा' हे नाव पडले. त्यातून सावरलेल्या एका गटाचे पुढे १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च झाले. पुण्यातली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच परंपरेची. ॲडव्हेंटिस्टांनी दुसरी तारीख जाहीर करण्याचा मोह टाळला, हे नोंदवायला हवे. तो सर्वांना टाळता आला नाही: अमेरिकेतल्याच हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख जगभर फलक लावून पसरवली. दानीएलाचा आठवा अध्याय पुढे वाचला तर देवदूत मेंढा म्हणजे मेदी आणि पारसी राजे, बोकड म्हणजे ग्रीक राज्य, असा अर्थ स्वतःच सांगतो. बहुतेक अभ्यासक तो अध्याय इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट करणाऱ्या अँटायोकस चौथ्याशी जोडतात. आणि तो दिवस कोणालाही ठाऊक नाही, हे येशूचे बोलणे मत्तय आणि मार्क दोघांनीही नोंदवले आहे.

सोयीने वाचण्याची सर्वांत मोठी किंमत गुलामांनी मोजली. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा दारू पिऊन उघडा पडतो, मुलगा हाम त्याला तसा पाहतो. शुद्धीवर आल्यावर नोहा शाप देतो, पण हामाला नव्हे. हामाचा मुलगा कनान याला. हामाच्या चार मुलांपैकी आफ्रिकेशी जोडला जाणारा कूश शापात नाहीच. कातडीच्या रंगाचा उल्लेखही नाही. तरी अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांनी 'हामाचा शाप' या नावाने हाच उतारा पिढ्यान्‌पिढ्या मिरवला. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५च्या आत्मचरित्रात त्याची अशी खिल्ली उडवली: हामाचे वंशजच गुलाम व्हायचे असतील तर गोऱ्या मालकांपासून गुलाम स्त्रियांना होणारी हजारो मुले लवकरच या व्यवस्थेला शास्त्रबाह्य ठरवतील. लंडनमध्ये १८०७ साली तर ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले. नेहमीच्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय असतात; यात २३२ होते. मोशेने इस्राएलांना मिसरमधून सोडवून आणल्याची कथा गाळली होती. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रातले बोलणेही गाळले होते. दासांनी मालकांची आज्ञा पाळावी, हे ठेवले होते. एरवी वाचक मनातल्या मनात जी कात्री चालवतो ती इथे छापखान्यात चालली. काय गाळायचे हे इतके अचूक कळणाऱ्यांना बायबलचा अर्थ नीट समजला होता, असेच म्हणावे लागते.

काही वेळा प्रश्न अर्थाचा नसून पाठाचा असतो. मार्काच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने सिनाईटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तप्रतींत नाहीत, आणि आजच्या बहुतेक आवृत्त्या तशी टीप देतात. विश्वास ठेवणारे साप उचलतील, हे त्यातलेच एक वचन. अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगराळ भागात जॉर्ज हेन्स्ले यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या आधारावर उपासनेत विषारी साप हाताळण्याची प्रथा पसरवली. १९५५ मध्ये ते सर्पदंशानेच गेले. तळटीप वाचण्याचा कंटाळा इतका महाग क्वचितच पडतो.

यावर उपाय म्हणून सर्वांनी हिब्रू आणि ग्रीक शिकावे, असे सुचवण्यात अर्थ नाही. पंडिता रमाबाईंनी ते केले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो स्त्रियांचा संसार सांभाळत त्या दोन्ही भाषा शिकल्या आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत बायबलच्या सोप्या मराठी भाषांतरावर काम करत राहिल्या. सर्वसामान्य वाचकाला त्याच्या शंभराव्या हिश्शाने भागते. फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचे आहे, अर्ध्या तासात संपते. यिर्मयाचे २८ आणि २९ हे अध्याय दहा मिनिटांचे काम. दोन वेगवेगळी भाषांतरे शेजारी ठेवली की कुठे जाणकारांत मतभेद आहेत ते आपोआप दिसते. आपल्या पंथाबाहेरचा एखादा तरी भाष्यकार हाताशी असावा, कारण घरातल्यांना घरातल्या खोडी दिसत नाहीत. विद्यापीठांतले विद्वानही याला अपवाद नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी लिहिलेली येशूची चरित्रे अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ मध्ये तपासली, तेव्हा त्यांना जवळपास प्रत्येकात लेखकाच्या स्वतःच्या काळाचा आणि स्वभावाचा येशू दिसला.

एवढे सगळे पाळूनही काही गाठी सुटत नाहीत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, अशा आशयाची ३४ आणि ३५ ही दोन वचने आहेत. त्याच पत्राच्या ११व्या अध्यायात स्त्रिया उपासनेत प्रार्थना करतात, संदेश देतात, हे पौलाने गृहीत धरले आहे. त्याचा आक्षेप फक्त उघड्या डोक्याला आहे. मग ही दोन वचने कोणाची? करिंथकरांचे बोलणे पौल उद्धृत करतो आहे, असे काहींना वाटते. एका विशिष्ट गोंधळापुरता तो आदेश होता, असे इतरांना. गॉर्डन फी हे पेंटेकोस्टल परंपरेतले पाठचिकित्सक. त्यांनी १९८७च्या भाष्यात तिसरी बाजू मांडली: काही हस्तप्रतींत ही वचने ४०व्या वचनानंतर येतात, तेव्हा समासातली कोणाची तरी टीप नकलकारांनी मजकुरात घेतली असावी. चर्चचे निर्णयही वेगवेगळे आहेत: भारतात चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केले. कॅथलिक चर्चने स्त्रियांना याजकपद नाकारलेले आहे, पण पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९४च्या पत्रात त्याचा मुख्य आधार येशूने बारा प्रेषित पुरुषच निवडले, हा आहे. या दोन वचनांवर तो उभा नाही. फी यांचा तर्क अनेकांना पटला, अनेकांना नाही. न पटणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे: ही दोन वचने मुळातच नाहीत अशी एकही हस्तप्रत आजवर सापडलेली नाही.